तासगावच्या डब्यातली प्रत

१

शिवांजली गेली ती सोमवारी दुपारी, तीन वाजून पाच मिनिटांनी. तासगावच्या आमच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि वीस मिनिटांत सगळं संपलं. चोवीस वर्षांची होती. बाहेरच्या बाकावर तिची आई बसली होती. ती आई म्हणजे त्याच दवाखान्यात अठरा वर्षं झाडलोट करणारी आमची चंद्राबाई.

मी त्या वेळी साताऱ्यात होते, माझ्या खुर्चीत. मी गोदावरी. भागीरथी रुग्णसेवा मंडळाच्या रेकॉर्ड विभागाची प्रमुख. चौतीस वर्षं नोकरी झाली, तीन महिन्यांनी निवृत्ती होती. माझं तोंड फटकळ आहे, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं इथंही गोड लिहायचा प्रयत्न करत नाही.

आमचं मुख्य रुग्णालय साताऱ्याला, आणि कोरेगावापासून तासगाव-मिरजेपर्यंत सहा शाखा. पूर्वी पेशंट साताऱ्यात यायचा आणि त्याचे कागद तासगावात राहायचे. मी मागं लागून लागून सगळ्या पेशंटच्या फाइली साताऱ्याच्या एका मोठ्या मशीनमध्ये आणल्या. फाइल एकच, बघायची सगळ्यांनी. पेशंटच्या हातात कागदी कार्ड द्यायची पद्धतही मीच बंद केली. पण शाखांची लाइन रडकी. एक फाइल उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. म्हणून दोन वर्षांपूर्वी प्रत्येक शाखेत एक काळा डबा बसवला. एकदा उघडलेल्या फाइलीची प्रत हा डबा स्वतःजवळ ठेवतो. पुढच्या वेळी साताऱ्याला नुसतं विचारतो, काही बदललंय का? बदललं असेल तर तेवढंच आणतो, नसेल तर जवळची प्रत लगेच दाखवतो. सुरुवातीला शाखांचे दिवसाला वीस-वीस फोन यायचे, मॅडम पडद्यावर हे आलं, मॅडम ते आलं. तेही मी बंद करून दाखवले. केवढा अभिमान होता मला या सगळ्याचा!

शिवांजलीच्या फाइलीत लाल अक्षरांत स्पष्ट लिहिलं होतं: "हे औषध सोसत नाही. पुन्हा देऊ नये." आणि तासगावच्या नर्सनं, रेश्मानं, तेच औषध दिलं. रेश्मा म्हणत होती, फाइलीत असं काही नव्हतंच. नव्हतं कसं? मी माझ्या डोळ्यांनी बघत होते की.

मंडळाच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. "शनिवारी समिती बसतेय. तोवर काय ते पुराव्यानिशी सांगा. नाहीतर त्या नर्सचं नाव पोलिसांत जाईल आणि तिची नोंदणीही जाईल. आयुष्यात परत सुई हातात धरता येणार नाही तिला."

मी मान डोलावली. मनात आलं, पोरीनं फाइल उघडलीच नसणार आणि आता खोटं बोलतेय.

२

आधी गाठलं डॉक्टर राजवर्धन यांना. शिवांजलीचं ऑपरेशन साताऱ्यात त्यांनीच केलं होतं, अपेंडिक्सचं. डॉक्टर हुशार, पण नोंदी लिहायला महा आळशी. मला संशय होता की मुलगी गेल्याचं कळल्यावर यांनी घाईघाईनं ती लाल नोंद घुसडली असावी.

"बसा गोदावरीबाई," ते म्हणाले. "तुम्ही कशाला आलाय ते माहीत आहे. माझ्यावर संशय आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

"मग तुमच्याच मशीनला विचारा. वेळ ते टाकतं, मी नाही."

मी त्यांच्यासमोरच बघितलं. ऑपरेशन अष्टमीच्या संध्याकाळी. लाल नोंद दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीला, दुपारी बारा चाळीसला. म्हणजे मुलगी जायच्या बारा दिवस आधी. डॉक्टर खरं बोलत होते.

"त्या दुपारी तिला ते इंजेक्शन दिलं आणि अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला," डॉक्टर सांगू लागले. "आम्ही सगळे जवळ होतो म्हणून वाचली. ती गुंगीतच होती. तिच्या नवऱ्याला, नाथाजीला, मी नीट समजावलं. सुट्टीवर आलेला जवान. तो म्हणाला, साहेब, कागदावर औषधाचं नाव लिहून देता का? मी म्हटलं, गरज नाही रे, आमच्या सगळ्या शाखांत दिसतं. बायको घाबरेल म्हणून त्यानं तिला किंवा सासूला नाव सांगितलं नाही, आता फोनवर म्हणाला. दसरा करून मिरजेहून गाडीत बसला, ड्यूटीवर गेला. गोदावरीबाई, शाखांत दिसतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय."

मी परत आले आणि कोणत्या शाखेनं ती फाइल कधी उघडली, ती यादी काढली. तासगाव शाखेनं शिवांजलीची फाइल शेवटची उघडली होती खंडेनवमीच्या सकाळी, सव्वानऊला. त्यानंतर एकदाही नाही. मुलगी गेली त्या सोमवारी तर नाहीच नाही.

झालं, म्हटलं. रेश्मा सापडली.

३

गुरुवारी सकाळच्या एसटीनं सांगली गाठली आणि तिथून माधवनगर. रेश्माचे वडील तिथल्या गिरणीत होते, गिरणी बंद पडली तेव्हापासून घरीच. त्यांनी दार उघडलं आणि काही न बोलता बाजूला झाले. रेश्मा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. अंगावर सोमवारचाच ड्रेस होता.

"जेवलीस का गं?" मी विचारलं. विचारायला आले होते दुसरंच.

"तीन दिवस नुसत्या पाण्यावर हाय," वडीलच बोलले. "कुणाचं ऐकत न्हाई."

मी यादी तिच्यासमोर ठेवली. "सोमवारी तू फाइल उघडलीच नाहीस. हे मशीन सांगतंय. आता तरी खरं बोल."

तिनं यादीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मॅडम, उघडली होती. देवाशपथ उघडली होती. चंद्रामावशी तिला रिक्षातून घेऊन आल्या. टाके चिघळलेले, ताप डोक्यात गेलेला, शिवांजली बरळत होती. मी पळत जाऊन फाइल उघडली. लगेच उघडली. दसऱ्यापासनं सगळ्याच फायली लगेच उघडत होत्या, एरवी गोल फिरत बसतं बघा. ऑपरेशनची नोंद होती. पुढचं काही नव्हतं."

"पुढचं नव्हतं, तर घरी सोडल्याची नोंद कुठं गेली, असं नाही वाटलं?"

"मॅडम, राग मानू नका. पण घरी सोडल्याची नोंद सातारावाले पंधरा दिवसांनी करतात."

हे खरं होतं.

"डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं. मी मावशींना विचारलं, हिला कुठलं औषध सोसत न्हाई का? मावशी म्हणाल्या, न्हाई बाई, लहानपणापासनं सगळं सोसतं. त्यांना कुठं माहीत होतं? त्या साताऱ्याला गेल्याच नव्हत्या त्या दिवशी. आणि मॅडम, मी तर वजनसुद्धा तपासलं. फाइलीत चौऱ्याऐंशी किलो लिहिलं होतं. मी म्हटलं, ही काडीसारखी पोरगी, चौऱ्याऐंशी कशी असंल? मावशींना विचारलं. अठ्ठेचाळीस म्हणाल्या. तसं रजिस्टरात लिहिलं, डॉक्टरांची सही घेतली, मगच सुई भरली."

"काय म्हणालीस? किती किलो?"

"चौऱ्याऐंशी."

ती चौऱ्याऐंशीची चूक मला चांगली आठवत होती. साताऱ्याच्या वॉर्डातल्या कुणीतरी आकडे उलटे टाकले होते, आणि ते मी स्वतः दुरुस्त केलं होतं. खंडेनवमीला, सकाळी अकरा वाजता.

४

तिथून तासगावपर्यंत मी एसटीत खिडकीला डोकं टेकून एकच हिशोब करत होते. रेश्मानं रजिस्टरात खरंच सोमवारी चौऱ्याऐंशी लिहिलं असेल, तर सोमवारी तिच्या पडद्यावर बारा दिवसांपूर्वीची फाइल होती. अकराच्या आधीची. म्हणजे लाल नोंद तिला दिसणं शक्यच नव्हतं.

दवाखान्याला कुलूप होतं. बिराप्पा नावाचा राखणदार आहे तिथं, त्यानं उघडून दिलं. रजिस्टर टेबलावरच होतं. सोमवार, दोन पस्तीस. "फाइलीत वजन ८४. प्रत्यक्षात ४८, आईस विचारून." खाली शाखेच्या डॉक्टरांची सही. दहा मिनिटांनी इंजेक्शन.

पोरगी खरं बोलत होती. तीन दिवस मी तिला मनातल्या मनात खोटारडी म्हणत होते, आणि तिनं इतकं काळजीनं काम केलं होतं. लाज वाटली मला.

मग डब्याकडं वळले. भिंतीजवळच्या फळीवर काळा डबा, त्याच्यावर सुकलेला झेंडूचा हार, हळद-कुंकवाची बोटं. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं पूजतात, शेतकरी विळा-कोयता पूजतो, गॅरेजवाला पाने पूजतो, आणि आमच्या दवाखान्यात सुयांच्या ट्रेपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्याला कुंकू लागतं. पूजेचा हार कुणी मुद्दाम काढत नाही. सुकून गळेपर्यंत तो तसाच राहतो.

मी हार बाजूला केला. मागं तीन तारा होत्या. दोन जाड, विजेच्या आणि कॉम्प्युटरच्या. तिसरी बारीक, साताऱ्याशी बोलायची. बारीक तार मी उपसून बघितली. तिचं टोक स्वच्छ होतं. पण ज्या भोकात ती बसते त्या भोकाच्या आत कुंकू होतं, आणि एक झेंडूची पाकळी अडकून चिरडली होती.

तार बसलेली असताना भोकात कुंकू जाईल कसं? पूजा झाली तेव्हा ती तार बाहेर होती. आणि हार त्या भोकावरच लोंबत होता, त्यामुळं ती राहून गेलेली कुणाला दिसली नाही. डबा बारा दिवस एकटाच चालू होता. साताऱ्याला विचारायची सोयच नव्हती, म्हणून जवळच्या जुन्या प्रती पटापट दाखवत होता. रेश्मा म्हणाली होती की सगळं लगेच उघडत होतं. यादीत तासगावचं नाव का नव्हतं, तेही आता कळलं; साताऱ्याला विचारलं तेवढंच त्या यादीत येतं.

बारा दिवस तासगावहून एकही नोंद साताऱ्याला आली नव्हती. ते मलाच दिसायला हवं होतं. दिसलंही होतं. पण मी म्हटलं, दसऱ्याची सुट्टी, त्यात द्राक्षाच्या छाटणीचे दिवस, तासगावात आत्ता कोण दवाखान्याची पायरी चढतंय!

पण मग तार परत लावली कुणी? मी साताऱ्याला माझ्या विभागात फोन केला. सोमवारी संध्याकाळी सहा दहाला तासगावच्या एकसष्ट नोंदी एकदम आल्या होत्या.

"बिराप्पा, सोमवारी संध्याकाळी सहाला इथं कोण होतं?"

"आवं बाई, कोण असणार? समदी तिकडं मातीला गेल्याली. म्या आन् त्यो तुमचा साताऱ्याचा पोरगा, कॉम्पुटरवाला. दवाखान्याला कुलूप लावाय आल्ता न्हवं का."

वरद. माझ्याच शेजारच्या खोलीत बसणारा वरद. तीन दिवस रोज माझ्यासमोर चहा पीत होता आणि एका शब्दानं बोलला नव्हता.

५

शुक्रवारी सकाळी मी त्याच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं.

"तार लोंबत होती," वरद लगेच म्हणाला. जणू तो वाटच बघत होता. "हाराच्या मागं. मी लावली. मॅडम, मला कळलं होतं तेव्हाच."

"कळलं होतं आणि तू त्या पोरीला मरू देत होतास? तिचा बाप बघितलास का? तीन दिवस अन्नाला शिवली नाही ती! अरे, लाज कशी वाटली नाही तुला?"

तो तिशीचा आहे, दोन लेकरांचा बाप आहे. डोळे भरले त्याचे.

"वाटली. झोप नाही मला. पण मी तार सुटली होती म्हणून सांगितलं असतं, तर समितीनं पुढचा प्रश्न विचारला असता."

"कोणता?"

"तार सुटली तर पडद्यावर लाल पट्टी का आली नाही?"

मला काही कळेना. "कसली लाल पट्टी?"

"डबे घेतले तेव्हा त्यात होती, मॅडम. लाइन नसली की पडद्यावर वरच्या बाजूला लाल पट्टी यायची, ही प्रत जुनी असू शकते, साताऱ्याला फोन करून खात्री करा. ती आली असती तर रेश्मानं फोन केला असता. ती फोन करणारी मुलगी आहे."

"मग ती पट्टी गेली कुठं?"

वरदनं कपाट उघडून एक फाइल काढली, पान उघडलं आणि माझ्यासमोर सरकवलं. मागच्या वर्षीच्या जून महिन्यातला कागद. "लाल पट्टीमुळे शाखांचे विनाकारण फोन येतात व कामाचा खोळंबा होतो. ती सर्व शाखांत आजपासून बंद करावी." खाली सही होती.

सही माझी होती.

मला तो दिवस आठवला. मिरजेचा फोन, तासगावचा फोन, परत तासगावचा. रेश्माच होती ती. मॅडम, पट्टी आलीये, एवढं वजन बघून सांगता का? मी तिच्यावर ओरडले होते. वरद तेव्हा दारात उभा राहून म्हणाला होता, मॅडम, बंद नको करूया. मी म्हटलं होतं, तुला उचलावे लागतात का फोन?

"तुमचे तीन महिने राहिलेत," वरद म्हणाला. "चौतीस वर्षं तुम्ही... मला वाटलं, राहू दे."

मी तो कागद पिशवीत टाकला आणि म्हटलं, "गाडी काढ. तासगावला जायचंय. वाटेत माधवनगरला थांबायचं."

६

तार कुणी काढली, हा एक प्रश्न राहिला होता. उत्तर मला माहीत होतं, पण खात्री न करता मी आयुष्यात कधी नोंद केली नाही.

चंद्राबाईचं घर तासगावच्या कडेला, बेदाण्याच्या शेडच्या मागं. वरद आणि रेश्मा गाडीतच थांबले. रेश्माला आत यायचं धाडस नव्हतं. माधवनगरात तिच्या दारात जाऊन चंद्राबाईनं मंगळवारी तिला तळतळाट दिले होते, साऱ्या गल्लीनं ऐकले होते.

चंद्राबाई जोत्यावर बसली होती. अठरा वर्षांत मी तिला बसलेली कधी बघितली नव्हती. मी शेजारी बसले. तिच्या घरात चूल पेटत नव्हती. शेजारच्या रंगुबाईनं आपल्या घरून चहा आणून माझ्यापुढं ठेवला आणि ती गेली.

"चंद्राबाई, खंडेनवमीची पूजा तुम्हीच केली ना?"

"म्याच की. दरवर्सी म्याच करती." आवाज कोरडा होता. "जावई फोनवर म्हणत हुता, आत्या, साताऱ्याला या, तिच्याजवळ बसा. म्या म्हणलं, पूजा चुकवून कसं यिऊ? पूजा झाली की येती. तवर रेश्मानं सकाळच्याला फायल बघून सांगितलं, मावशी, आपरेशन झालं, लेक बरी हाय तुमची. मंग जीव थाऱ्यावर आला. म्हणलं, आता कशाला जायचं, दोन दिसांनी घरलाच यील."

"मग पूजा कशी केली?"

"ट्रेला, काट्याला, समद्यास्नी कुंकू लावलं. डब्याला मातुर म्या येगळा हार केला हुता, घरच्या झेंडूचा. रेश्मा म्हणायची, मावशी, समद्यांची कागदं ह्या डब्यातनं येत्यात. म्हणलं, मंग माझ्या लेकीचा कागद बी ह्यातच हाय. समद्या वायरी काढल्या, कोरड्या फडक्यानं लख पुसला, कुंकू लावलं, हार घातला. हात जोडलं, म्हणलं, बाबा, माझ्या लेकीला संबाळ." ती माझ्याकडं वळली. "लय मनापास्नं केली हुती, बाई."

"आणि वायरी?"

"लावल्या की परत. हिरवा दिवा लागला."

मी पुढं काही विचारलं नाही. दिवा विजेच्या तारेनं लागतो, बारीक तारेनं नाही, हे तिला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मी तिच्या हातांकडं बघत होते. तिच्या नखांच्या कडांना अजून झाडलोटीचा काळपटपणा होता.

"बाई, एक इचारू का?" ती म्हणाली. "खरं सांगा. रेश्मानं फायल बगितली हुती का न्हाई? लोक म्हणत्यात बगितलीच न्हाई. म्या तिला लय वंगाळ बोलून आली. नाव टाकून बोलली. पर रातभर वाटतंय, तिनं मला वजन इचारलं हुतं. न बघणारी पोरगी वजन कशाला इचारंल?"

माझ्याकडं दोन उत्तरं होती. दोन्ही खरी होती. एक सांगितलं असतं तर ही बाई त्याच रात्री मेली असती, मग पुढं कितीही वर्षं जगली असती तरी.

"बघितली होती," मी म्हटलं. "नीट बघितली होती. रेश्माची काडीची चूक नाही. तिला दिसली ती फाइल जुनी होती. जुनी आहे असं पडद्यावर लाल अक्षरांत यायला हवं होतं. ते मी बंद करायला लावलं होतं."

"तुमी?"

"मी. माझ्या सहीनं."

"का वं?"

"फोन फार यायचे. मला त्रास व्हायचा."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं ओरडेल, मला धरून हलवेल. मला तेच हवं होतं.

"फोनचा तरास," ती हळूच म्हणाली.

शेडमध्ये कुणीतरी जाळ्या ओढत होतं, त्याचा आवाज येत होता.

"पोरगी कुठं हाय?" तिनं विचारलं.

"बाहेर गाडीत."

"बलवा तिला."

रेश्मा आली आणि उंबऱ्याशीच उभी राहिली. चंद्राबाई उठली, तिच्यासमोर गेली, तिचा चेहरा दोन्ही हातांनी धरून बघितला. "कवापास्नं उपाशी हायस गं?"

"सोमवारपासनं," रेश्मा पुटपुटली.

चंद्राबाई मागं वळली. माझ्यापुढं ठेवलेला चहाचा कप तिनं उचलला. मी अजून त्याला हात लावला नव्हता. तो कप तिनं रेश्माच्या हातात दिला. "पी. गरम हाय अजून." रेश्मा हमसून रडायला लागली, तशी चंद्राबाईनं तिला जवळ घेतलं, आणि मग चार दिवसांत पहिल्यांदा ती स्वतः रडली.

माझ्याकडं दोघींपैकी कुणी बघितलं नाही. मी उठले आणि गाडीत जाऊन बसले.

७

शनिवारी समितीपुढं मी सगळं वाचून दाखवलं. रजिस्टरातलं चौऱ्याऐंशी किलो, मशीनमधली अकराची दुरुस्ती, एकसष्ट नोंदी, भोकातलं कुंकू, माझा जूनचा कागद. रेश्माला तिथल्या तिथं कामावर परत घेतलं. माझा राजीनामा मागायची त्यांच्यावर वेळ आली नाही, तो अहवालाला जोडलेलाच होता. दिवाळीच्या आधी सगळ्या शाखांत लाल पट्टी परत सुरू झाली आणि पेशंटच्या हातात कागदी कार्ड द्यायलाही सुरुवात झाली. वरद सांगतो, शाखांचे फोन परत खूप येतात. रेश्माचे सगळ्यात जास्त येतात. तो सगळे उचलतो.

अहवाल वाचून झाल्यावर अध्यक्षांनी चष्मा काढला. "गोदावरीबाई, एक राहिलं. पूजेच्या वेळी ती तार काढली कुणी?"

वरदनं मान खाली घातली. मी माझ्या कागदावर लिहिलेलं होतं तेच वाचलं: समजू शकले नाही.

आता मी घरी असते. हे लिहिताना माणसांची नावं बदलली आहेत, दवाखान्याचंही नाव बदललंय. चौतीस वर्षांत मी हजारो नोंदी केल्या, आणि त्यातलं एवढं एकच वाक्य जाणूनबुजून खोटं लिहिलं. ते कुणी दुरुस्त करू नये.